एआयबद्दल तज्ज्ञ डॉक्टरांचा संशय: कुठे रास्त, कुठे तोकडा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयांतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एआयवर, लिहिताना तज्ज्ञ डॉक्टरांचे दोन गट पाडायची रीत पडली आहे. एक नव्याचे स्वागत करणारा, दुसरा काम जाईल या भीतीने अडून बसलेला. या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा काही जणांना ही वाटणी पटत नाही. एकच रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारा डॉक्टर) मेंदूतला रक्तस्राव शोधून तो सीटी स्कॅन यादीत वर आणणारे सॉफ्टवेअर आनंदाने वापरतो आणि छातीच्या एक्स-रेचा आयता रिपोर्ट लिहून देणारे बंद करून ठेवतो. कामाच्या कुठल्या टप्प्यावर यंत्र येऊन बसते आणि चुकले तर निस्तरायचे कोणी, यावर त्याचे मत ठरते. हा संशय बहुतांशी रास्त आहे. आमची तक्रार वेगळी आहे: चित्रे वाचणाऱ्या, चाचण्यांतून गेलेल्या साधनांना तज्ज्ञ दहा प्रश्न विचारतात आणि मजकूर लिहून देणारी साधने मागच्या दाराने आत आली तरी त्यांच्याकडे वळूनही बघत नाहीत.

संशय आला कुठून ते आधी सांगायला हवे. मॅमोग्राफीवर, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेवर, संशयास्पद जागी खुणा करणाऱ्या संगणकप्रणालीला अमेरिकेत 1998 मध्ये परवानगी मिळाली. 2002 मध्ये तिथल्या सरकारी विम्याने तिच्यासाठी मिळणारे पैसे वाढवले आणि काही वर्षांत बहुतेक केंद्रांत ती बसली. 2015 मध्ये मोठ्या नोंदींवरून तुलना झाली, तेव्हा तिच्यामुळे निदानाची अचूकता वाढल्याचे दिसले नाही. खुणा इतक्या पडत आणि त्यांतल्या इतक्या खोट्या निघत, की वाचणाऱ्यांचे डोळे त्यांना सरावले आणि खरी खूणही त्याच ढिगात जाऊ लागली. पुढे 2016 मध्ये एआयमधले आघाडीचे संशोधक जेफ्री हिंटन यांनी नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, पाच वर्षांत, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांच्याहून चांगले वाचेल, असे जाहीरपणे म्हटले. हिंटन यांचे संशोधन थोरच आहे, 2024 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. पण मॅमोग्राफीतला तो जुना अनुभव ज्यांच्या गाठीशी होता त्यांना हे भाकीत तेव्हाही पटले नव्हते, आणि ते खरेही ठरले नाही.

याच मॅमोग्राफीत पुढे चित्र बदलले, आणि ते कशाने बदलले हे पाहण्यासारखे आहे. स्वीडनमध्ये नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक मॅमोग्राम दोन रेडिओलॉजिस्ट वाचत. तिथे झालेल्या एआयच्या चाचणीचे पहिले निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 80,033 स्त्रिया होत्या. सॉफ्टवेअरने प्रत्येक तपासणीला 1 ते 10 गुण दिले, संशय जास्त तितके गुण जास्त. 1 ते 9 गुणांच्या तपासण्या एकाच डॉक्टरने वाचायच्या, 10 गुणांच्या दोघांनी. एआयच्या गटात 244 कर्करोग सापडले, नेहमीच्या गटात 203. वाचनाचे काम 44.3 टक्क्यांनी घटले आणि पुन्हा बोलावल्या गेलेल्या स्त्रियांचे प्रमाण 2.0 च्या जागी 2.2 टक्के, म्हणजे जवळपास तेवढेच राहिले. इथे दुसऱ्या डॉक्टरचा वेळ कुठे खर्च करायचा एवढेच यंत्राने ठरवले. निर्णय माणसाचाच राहिला. रेडिओलॉजिस्टना हे पटले, कारण त्यांच्या कामाची घडी न मोडता ते तपासले गेले. मात्र जिथे मुळात एकच डॉक्टर वाचतो तिथे ही बचत मिळणार नाही. तो आकडा तसाच उचलून दुसरीकडे चिकटवणाऱ्या विक्रेत्याला तज्ज्ञाने अडवले तर त्यात आडमुठेपणा नाही.

‘90 टक्के अचूक’ या शब्दांचेही तसेच आहे. समजा एखादे सॉफ्टवेअर 100 आजारी माणसांपैकी 90 जणांना पकडते आणि 100 निरोगी माणसांपैकी 90 जणांना निरोगी म्हणते. 10,000 लोकांत 1 टक्का आजार असेल, तर 100 आजाऱ्यांतले 90 सापडतील, पण 9,900 निरोगी लोकांतल्या 990 जणांवरही शिक्का बसेल. म्हणजे यंत्राने बोट दाखवलेल्या 1,080 जणांपैकी खरे आजारी 90, बारांत एक. तेच सॉफ्टवेअर 20 टक्के आजार असलेल्या विशेषज्ञाच्या ओपीडीत लावले तर दहांतले जवळजवळ सात इशारे खरे निघतील. सॉफ्टवेअर तेच, फक्त समोरची माणसे बदलली. म्हणून एकाच साधनाबद्दल मोठ्या रुग्णालयातला तज्ज्ञ समाधानी असतो आणि चाळणी शिबिरातला (लक्षणे नसलेल्यांचीही सरसकट तपासणी करणारा) डॉक्टर वैतागलेला, आणि दोघेही खरे बोलत असतात.

यंत्र कशावरून शिकले हा त्याहून अवघड प्रश्न आहे. फुप्फुसाभोवती हवा साचल्याचे एक्स-रेवर ओळखणारे एक मॉडेल तपासले गेले, तेव्हा ते बऱ्याच अंशी छातीत घातलेल्या नळीवरून निदान करत असल्याचे आढळले. नळी म्हणजे उपचार झालेला रुग्ण; ज्याला अजून नळी घातलेली नाही आणि ज्याचा जीव धोक्यात आहे, त्याच्याच बाबतीत मॉडेल कच्चे. न्यूमोनिया ओळखणारी काही मॉडेले एक्स-रे कुठल्या रुग्णालयातला आहे, खाटेजवळ नेलेल्या पोर्टेबल यंत्रावर काढला आहे का, हे ओळखून त्याचा आधार घेत होती. तिळाभोवती त्वचारोगतज्ज्ञाने पेनने केलेली खूण दिसली की कर्करोगाचा संशय वाढवणारे सॉफ्टवेअरही सापडले आहे. रक्तस्राव शोधणारी साधने मेंदूतल्या चुन्याच्या नैसर्गिक साठ्याला किंवा कवटीच्या हाडालगत प्रतिमेत उमटणाऱ्या पट्ट्यांना रक्त समजतात. अनुभवी रेडिओलॉजिस्ट यावर नजर टाकून पुढे जातो, पण असे रोज वीस वेळा झाले तर एकविसाव्या इशाऱ्याकडे तो कसा बघेल?

वेगवेगळ्या शाखांचा सूर वेगळा का, याची कारणेही अशीच हातात धरण्यासारखी आहेत. पॅथॉलॉजिस्ट ऊतींचे पातळ काप काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, सूक्ष्मदर्शकाखाली तपासतो; त्याच्या बाबतीत एआय येण्याआधी सगळ्या स्लाइड स्कॅन व्हाव्या लागतात. 40 पटींच्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल साधारण पाव मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पडतो आणि एका स्लाइडची फाइल जीबीच्या घरात जाते. काप जाड निघाला, ऊतीला घडी पडली, कव्हरस्लिपखाली बुडबुडा राहिला किंवा रंग नेहमीपेक्षा गडद चढला, तर सॉफ्टवेअर भरकटते. सूक्ष्मदर्शकाखाली माणूस फोकस वरखाली करून पाहतो. स्कॅन बहुधा एकाच पातळीवरचा असतो. तेव्हा पॅथॉलॉजिस्ट ‘आधी स्लाइड नीट करू या’ म्हणतो, तो टाळाटाळ करत नसतो. नेत्रतज्ज्ञांकडे अनुकूल वातावरण सर्वांत आधी तयार झाले. मधुमेहामुळे दृष्टिपटल (डोळ्याच्या मागचा पडदा) खराब होते, त्यासाठी डॉक्टरविना निर्णय देणाऱ्या पहिल्या साधनाला अमेरिकेत एप्रिल 2018 मध्ये परवानगी मिळाली. 900 रुग्णांच्या चाचणीत त्याची आजार पकडण्याची क्षमता 87.2 टक्के आणि निरोगी ओळखण्याची 90.7 टक्के होती. तरी प्रत्यक्षात अडते ते फोटोवर: बाहुली लहान, मोतीबिंदू, खोलीत उजेड जास्त. थायलंडमधल्या दवाखान्यांत केलेल्या एका अभ्यासात 1,838 फोटोंपैकी सुमारे 21 टक्के फोटो यंत्राने दर्जा कमी म्हणून नाकारले. त्यांतले काही माणसाला सहज वाचता आले असते. नाकारलेल्या प्रत्येक फोटोमागे मोठ्या रुग्णालयात पाठवला जाणारा एक रुग्ण असतो. शिवाय मधुमेहामुळे डोळ्याला झालेली इजा शोधणारे साधन फक्त तेवढेच शोधते. काचबिंदूबद्दल ते काही बोलत नाही, आणि रुग्णाला मात्र ‘डोळे तपासले, ठीक आहेत’ असे वाटते.

अतिदक्षता विभागातला संशय सर्वांत कडवट आहे. सेप्सिसची (संसर्गाला शरीराने दिलेल्या जीवघेण्या प्रतिसादाची) पूर्वसूचना देणारे, शेकडो रुग्णालयांत बसलेले एक मॉडेल मिशिगनमध्ये रुग्ण दाखल झाल्याच्या 38,455 नोंदींवर स्वतंत्रपणे तपासले गेले. 2021 च्या त्या अहवालानुसार त्याने सेप्सिसचे 67 टक्के रुग्ण सोडले आणि तरीही एकूण दाखल रुग्णांपैकी 18 टक्क्यांवर इशारा दिला. नर्सने धावावे अशा आवाजात वाजणारे आणि बहुतेक वेळा खोटे निघणारे यंत्र वॉर्डात काय करते, हे तिथे रात्रपाळी केलेल्याला विचारा.

आता तज्ज्ञांच्या स्वतःच्या डोळ्यांविषयी, कारण इथे त्यांचा आत्मविश्वास जरा जास्त आहे. ‘यंत्र काही म्हणो, शेवटचा शब्द माझा’ हे वाक्य वारंवार ऐकू येते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 27 रेडिओलॉजिस्टना 50 मॅमोग्राम दिले आणि काहींवर मुद्दाम चुकीचे ‘एआय’ वर्गीकरण दाखवले. सूचना बरोबर असताना तिन्ही अनुभवगटांची उत्तरे 80 टक्क्यांच्या आसपास बरोबर होती. सूचना चुकीची दाखवली तेव्हा नवख्यांचे प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवर आले, आणि खूप अनुभवी डॉक्टरांचेही 45.5 टक्क्यांवर. अनुभवाने बचाव होतो, पण निम्माच. 2025 मध्ये पोलंडमधल्या चार केंद्रांतून आणखी एक नोंद आली: एआय वापरायला लागल्यानंतर, एआय बंद ठेवून केलेल्या कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत) अ‍ॅडिनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारी गाठ) सापडण्याचे प्रमाण 28.4 वरून 22.4 टक्क्यांवर उतरले. हे निरीक्षण आहे, नियंत्रित प्रयोग नव्हे. इतर कारणेही असू शकतात. तरी सवय सुटते ही शंका आता नुसती शंका राहिलेली नाही. यावर करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे वाचनाचा क्रम. डॉक्टरने आधी स्वतः पाहावे, आपले मत नोंदवून कुलूपबंद करावे, मग यंत्राची खूण उघडावी. यात वेळ जास्त जातो, म्हणून व्यवस्थापनाला ते आवडत नाही, आणि ‘वेळ वाचेल’ म्हणून विकत घेतलेले साधन मग पहिल्याच क्षणी खूण दाखवू लागते.

आमच्या मुख्य तक्रारीकडे येतो. रुग्ण-डॉक्टर संभाषण ऐकून केसपेपर लिहिणारी, डिस्चार्ज समरी तयार करणारी, औषधांची शंका विचारली की उत्तर देणारी भाषिक साधने वरीलपैकी कुठल्याच प्रश्नांना सामोरी न जाता वापरात येत आहेत. कारण ती ‘निदान करत नाहीत, फक्त लिहितात’. पण पुढचा डॉक्टर निदान करतो ते याच लिखाणावरून. बोलण्याचे लिखाणात रूपांतर करणाऱ्या एका प्रचलित मॉडेलच्या 2024 च्या अभ्यासात सुमारे 1 टक्का ध्वनिफितींच्या उताऱ्यात कोणी न बोललेली वाक्ये आढळली, आणि बोलण्यात लांब विराम असले की हे जास्त घडत होते. दवाखान्यात विराम असतातच: रुग्ण आठवत असतो, डॉक्टर पोट दाबून बघत असतो. चुका ठरावीक जागी होतात. ‘छातीत दुखत नाही’ मधला ‘नाही’ गळतो. डावा गुडघा उजवा होतो. वडिलांचा मधुमेह मुलाच्या नावावर चढतो. रुग्ण एका भाषेत बोलतो आणि नोंद दुसऱ्या भाषेत होते तिथे औषधाचे नाव मिळत्याजुळत्या नावाशी बदलते. न केलेली तपासणी ‘सामान्य’ म्हणून उमटते, कारण ज्या नमुन्यांवरून मॉडेल शिकले त्यांत ती ओळ नेहमी असते. यांतली एकही चूक लाल चौकटीत येत नाही. एक्स-रेवरची खोटी खूण किमान डोळ्यांत भरते. हे लिखाण इतके सफाईदार असते की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरत जाते.

भाषिक मॉडेलांच्या बाजूने सांगितला जाणारा एक पुरावाही नीट वाचायला हवा. 2024 च्या एका अभ्यासात 50 डॉक्टरांना अवघड केस सोडवायला दिल्या. मॉडेल हाताशी असलेल्यांचे गुण 76 टक्के, नसलेल्यांचे 74, आणि मॉडेलला एकट्याला दिले तेव्हा 92. यावरून डॉक्टर अडथळा ठरतो असा निष्कर्ष काढणारे विसरतात की केस लिहून, नीट लावून दिलेली होती. घाबरलेल्या माणसाच्या बोलण्यातून कामाची तीन वाक्ये वेचण्याचे काम आधीच कोणीतरी केले होते. त्याच वेळी डॉक्टरांनीही हे मान्य करावे की साधन हातात दिले म्हणजे ते वापरता आले असे होत नाही. ‘मला हे निदान वाटते, बरोबर ना?’ असे विचारले की मॉडेल बऱ्याचदा मान डोलावते. आपले निदान न सांगता, त्याच्या विरोधातले मुद्दे मागायचे, हे शिकावे लागते.

कुठलेही साधन घेण्यापूर्वी ते आपल्याच रुग्णांवर मूकपणे चालवून पाहणे, ही मागणी प्रत्येक विभागाने धरून बसावी. पद्धत अवघड नाही, चिकाटीची आहे. रुग्ण निवडून घ्यायचे नाहीत, येतील तसे ओळीने घ्यायचे. यंत्राचे उत्तर वेगळ्या फाइलमध्ये जाईल, उपचार करणाऱ्याला दिसणार नाही. खरे काय होते ते बायोप्सी, पुढचा पाठपुरावा किंवा यंत्राचे उत्तर न पाहिलेल्या दोन ज्येष्ठांचे मत यांवरून ठरवायचे. एकूण रुग्ण किती यापेक्षा आजारी किती हे मोजायचे: 10 आजाऱ्यांपैकी 9 पकडले, तर खरी क्षमता 56 ते जवळजवळ 100 टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते; 100 पैकी 90 पकडले, तर ती साधारण 82 ते 95 च्या पट्ट्यात येते. 30 आजाऱ्यांपैकी एकही सुटला नाही, तरी सुटण्याचे खरे प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत असू शकते. ‘वाचता आले नाही’ म्हणून यंत्राने परत केलेल्या केस हिशेबातून वगळायच्या नाहीत, ही पळवाट फार वापरली जाते. शस्त्रक्रिया झालेले, वेगळ्या कंपनीच्या स्कॅनरवरचे आणि लहान मुलांचे निकाल वेगळे काढायचे. कटऑफ, म्हणजे किती गुणांपुढे इशारा द्यायचा ती सीमा, कंपनीने पाठवलेला तसाच ठेवायचा नाही: चाळणीसाठी तो खाली आणायचा, शस्त्रक्रियेच्या निर्णयाजवळ वर न्यायचा. सुरू केल्यावर दर महिन्याला इशाऱ्यांचे प्रमाण बघायचे. ते अचानक दुप्पट झाले, तर आजार वाढण्याआधी नवे यंत्र, बदललेली सेटिंग किंवा न कळवता आलेली नवी आवृत्ती यांचा शोध घ्यायचा.

लेखनिक साधनासाठी हाच प्रयोग आणखी स्वस्तात होतो. रुग्णांच्या संमतीने 50 संभाषणांचे ध्वनिमुद्रण ठेवायचे, एका माणसाने ऐकत ऐकत उतारा ओळीओळीने ताडायचा आणि चार रकाने भरायचे: काय गळले, काय नव्याने घुसले, कुठे नकार, बाजू किंवा डोस उलटला, कोणाचे बोलणे कोणाच्या तोंडी गेले. तीन-चार दिवसांचे हे काम आहे. तेवढेही न करता स्वतःच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये रुग्णाचा रिपोर्ट चिकटवणारे आणि त्याच वेळी रेडिओलॉजीच्या सॉफ्टवेअरला ‘पुरावा कुठे आहे’ विचारणारे सहकारी पाहिले की वाईट वाटते.

जबाबदारीची भीती खरी आहे. यंत्राने दाखवले आणि डॉक्टरने नाकारले, पुढे आजार निघाला, तर नोंद त्याच्याविरुद्ध उभी राहते. यंत्राचे ऐकून चुकला, तरी सही त्याचीच. यावर कायदा काय म्हणेल ते देशादेशांत वेगळे. पण आवृत्तीचा क्रमांक, यंत्राने दिलेले गुण आणि ते का मानले किंवा नाकारले याची एक ओळ एवढे रिपोर्टसोबत जपले, तर किमान नंतर काय घडले ते शोधता तरी येते. बऱ्याच प्रणाल्यांत ही ओळ लिहायला जागाच नसते. खरेदीच्या करारात ती मागून घ्यावी.

यंत्राला लावलेली कसोटी माणसालाही लावा, हे एआयच्या समर्थकांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. तीच स्लाइड, तोच पॅथॉलॉजिस्ट, महिनाभराने वेगळे मत, असे होते. क्षयरोगाच्या चाळणीत तर जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेसाठी माणसाऐवजी संगणकीय वाचन वापरता येईल, अशी शिफारस केली. जिथे वाचणारा तज्ज्ञच नाही तिथे ‘तज्ज्ञाइतके चांगले आहे का’ हा प्रश्न गैरलागू ठरतो.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. ‘डॉक्टरांना मागे टाकणारे एआय’ अशी बातमी आली की छापण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून त्या मथळ्याखालीच द्याव्यात: तपासलेल्यांत खरे आजारी किती होते, ज्या रुग्णालयांच्या माहितीवर ते शिकले त्यांच्याबाहेर कुठे तपासले, आणि वाचता न आलेल्या केस हिशेबात धरल्या की वगळल्या.

आपले,
वैद्यकीय क्षेत्रात काम करणारे काही वाचक